फोटोवरून बांधलेलं घर

अमेरिकेतली जुनी दगडी घरं मी पाहिली आहेत. तिथे जाऊन नव्हे, फोटोत. खोपोलीला डोंगरावरून नळातून पाणी उतरवून वीज करायला लागले, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा मी विशीत होते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली होती, त्यानंतर लग्न, आणि नवरा पाथरवट.

नवऱ्याला मी मालक म्हणत असे, आजही तेच लिहिते. बाकी सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. कर्जत आणि खालापूर या दोन्ही बाजूंना घडीव दगडाचं काम निघालं की माणूस आमच्या दारात यायचा. विहीर, देवळाचा चौथरा, ओढ्यावरची मोरी, असली कामं. मिस्त्री म्हणजे नुसता कारागीर नव्हे. त्याच्या शब्दावर आठ-दहा माणसं धोंडा उचलतात आणि तो सांगेल तिथे ठेवतात. मालकांकडे तेवढंच होतं. शेत नाही, दिसायला बेताचे, बोलायला तर त्याहून बेताचे. पण काम चालू असलं की कुणी त्यांच्यापुढे आवाज चढवत नसे, मीसुद्धा नाही.

आणि त्यांचे डोळे जात होते. एका डोळ्यात लग्नाआधीच दगडाची कपची गेलेली, तो पांढराच होता. दुसऱ्यावर सगळं चाललं होतं, तोही आता विझायला लागला. मला ते ताटावरून कळलं. चटणी कुठे वाढली आहे ते डोळ्याने न बघता बोटाने शोधायचे. मी मध घातला, गुलाबपाणी घातलं. डोंगरातल्या एका ठाकराने मुळी दिली ती उगाळून घातली. डोळा आठवडाभर लालभडक झाला, तेवढाच फरक पडला.

"कुनाला बोललीस तर बघ," मालक म्हणाले.

"मी काय बघू? दिसत तुमाला नाय."

"त्येच म्हनतो. गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. दिसत नाही हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कामाला कुणी बोलावलं नसतं. आंधळ्या मिस्त्रीच्या शब्दावर बांबूच्या परांचीवर कोण चढणार? मी चढले नसते.

तेवढ्यात तो साहेब आला. वीजघराची यंत्रं बसवायला आलेल्या गोऱ्यांपैकी एक. बाकीचे इंग्रज, हा अमेरिकेचा. काम संपल्यावर बाकीचे गेले, हा राहिला. कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक टेपाड त्याने घेतलं आणि तिथे आपल्या मुलुखात असतं तसं घर बांधायचं ठरवलं. नकाशा वगैरे काही नव्हता. होते ते फोटो.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो, एका फडक्यात बांधलेले. ते त्याच्या आत्याने काढलेले होते. त्यांच्या देशाच्या दक्षिण भागात पहिल्यांदा आलेल्या लोकांनी बांधलेली दगडी घरं आता पडायला लागली होती. ती पडायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवायचे म्हणून ही बाई घोडागाडीत कॅमेरा टाकून गावोगाव हिंडायची. लग्न केलं नव्हतं म्हणे. हे सगळं साहेबाने मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं. मला काही ते पटलं नाही. घर पडत असेल तर गवंडी बोलवावा, कॅमेरा कशाला? पण आम्हाला कोण विचारत होतं.

साहेबाने ऐनाच्या झाडाखाली बसून एकेक पुठ्ठा मालकांच्या हातात दिला. मालकांनी प्रत्येक फोटो डोळ्यांसमोर धरला, मान हलवली, "हां साहेब" म्हणाले आणि माझ्याकडे दिला. मी तिथे चुना-पाण्याच्या कामाला होते. साहेब घोड्यावर बसून गेल्यावर मालक हळू म्हणाले, "आता सांग."

म्हणून ते फोटो मी नीट पाहिले, नाहीतर कशाला पाहिले असते. एकात ठेंगणं घर होतं, दोन खोल्यांचं असावं, वर लाकडाच्या फळकुटांचं छप्पर. एकात नुसतं दार होतं आणि दारावरच्या आडव्या दगडात आकडे कोरलेले. एकात झऱ्यावर बांधलेली कमरेएवढ्या दाराची खोली. दूध गार राहावं म्हणून ती बांधतात, असं साहेब म्हणाला होता. एकात चुना न घालता रचलेला गडगा होता, लांबच लांब, टेकडीवरून पलीकडे गेलेला. असा गडगा आमच्याकडेही रचतात, पण त्यांनी सगळ्यात वरचा थर चपट्या दगडांचा, दगड उभे करून लावला होता, फळीवर पुस्तकं लावावीत तसा.

"कोपरा सांग," मालक म्हणायचे.

"एक लांब धोंडा इकडनं. त्याच्यावर दुसरा लांब, तिकडनं."

"घडीव?"

"तोंडाला घडीव. बाकी भिंत कशीबी."

"कशीबी म्हंजे? नीट सांग की."

"शेतातनं येचून आनलेले धोंडे. ल्हान, मोठे, गोल. मधी चुना माज्या बोटाएवढा जाड."

"आळशी लोक," मालक म्हणाले. पण कोपऱ्याबद्दल त्यांनी मला आणखी तीनदा विचारलं.

एका फोटोत दाराशी एक म्हातारा उभा होता. काळा, उंच, हातात टोपी. साहेब म्हणाला होता, याच्या बापजाद्यांनी हे घर बांधलं. ते गुलाम होते, विकत घेतलेले. घर मात्र त्यांचं नव्हतं. मालकांनी त्या माणसाचे हात कसे आहेत ते विचारलं. मी म्हटलं, एवढं दिसत नाही, हाताने टोपी धरली आहे.

"इकत घेतल्याला मानूस असला सरळ कोपरा लावतो?" मालक म्हणाले.

"सरळ नाय लावला तर मारत असतील."

मालक उठून दगड वाजवून बघायला गेले. दगड बरा की चिरलेला हे त्यांना हातोडीच्या आवाजावरून कळायचं, त्याला डोळा लागत नव्हता.

काम सुरू झालं. पाया साहेबाने स्वतः फक्कीने आखून दिला. त्याने घराच्या एका अंगाला, आखूड भिंतीच्या बाहेर, एक चौकोन काढला आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "ये भी. ऐसा ही." फोटोत त्या भिंतीला टेकून एक दगडी खांबासारखं काहीतरी होतं. खाली रुंद, वर निमुळतं होत गेलेलं, छपराच्याही वर चढलेलं. तेवढं दाखवून साहेब निघून गेला. खोपोलीला एक यंत्र बिघडलं होतं. ते नीट करता करता त्याला ताप भरला आणि तो दोन महिने आलाच नाही.

तो खांब कशाचा हे आम्हाला कळेना. धुराडं आम्ही पाहिलं होतं, नाही असं नाही. आगगाडीच्या इंजिनाचं, आणि कारखान्यांची उंच गोल धुराडी. पण घराला धुराडं? आमच्या चुलीचा धूर कौलांतून जातो. साऱ्या गावाचा तसाच जातो. धुरासाठी कुणी एवढा दगड घडवेल हे आमच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

"आनखी कुटल्या फोटूत हाय का तसं?" मालकांनी विचारलं.

होतं. एक फोटो होता त्यात घरच नव्हतं. मोकळं रान, गुडघाभर गवत आणि त्यात असे दोन खांब, मध्ये बरंच अंतर सोडून, समोरासमोर उभे. मी तसं सांगितलं.

"नुसतं उभं? आजूबाजूला काय नाय?"

"काय नाय. गवात."

मालकांनी हवेत हाताने तो आकार काढून बघितला. मग म्हणाले, "दीपमाळ हाय गं ती."

देवळापुढे दिवे लावायला दगडी दीपमाळ असते, खाली रुंद, वर निमुळती, तशीच. माझे चुलत दीरही कामावर होते, शेजारी छिन्नीसारख्या टाकीने दगड घडवत बसले होते, ते हसले. "दादा, किरिस्तावाच्या घराला दीपमाळ?"

"त्यांचाबी देव असंल की."

"पन घराला टेकून?"

"मंग रानात दोन उब्या हायत त्या कशाला टेकल्यात? देऊळ पडलं, त्या ऱ्हायल्या. येवढं देऊळ पडलं तरी ऱ्हायल्या, म्हंजे भरीव असनार."

दिराला ते पटलं, मलाही पटलं. आजही वाटतं, तो विचार चुकीचा नव्हता. त्या फोटोवरून दुसरं काय वाटणार? मालकांनी त्या चौकोनाच्या पायात नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. साहेबाच्या घराच्या पायात काही ठेवलं नव्हतं. साहेबाचं घर साहेबाचं. पण दीपमाळ ही देवाची गोष्ट, तिथे चुकून चालणार नव्हतं.

ते दोन महिने आमचे बरे गेले. फोटो दाखवायचे म्हणून मी कायम मालकांच्या जवळ असे. कुणी विचारलं तर "त्यांचं हात चुन्याचं हायत, फोटू खराब व्हईल" असं सांगायचे. गडी टोमणे मारायचे. एक म्हणायचा, "आता मिस्तरीनबाई सांगतील तसं धोंडं लावायचं." दुसरा म्हणायचा, "लाव बाबा, घरीबी तसंच लावतूस." मालक चिडायचे नाहीत. हात दगडावर फिरवायचे, "ह्यो नको, पलीकडचा आन" म्हणायचे, आणि पलीकडचा बरोबर बसायचा. भिंत सरळ चढते का ते बघायचा ओळंबा दीर धरायचे. मिस्त्रीने स्वतः ओळंबा धरू नये, तो मानाचा माणूस आहे, असं सगळे समजत. निदान मला तसं वाटत होतं.

घराच्या भिंतींना मालकांनी फोटोतल्यासारखा ओबडधोबड दगड लावला, पण मनापासून नाही. मन लावलं ते त्या दीपमाळेला. तिचा एकेक धोंडा घडवलेला होता, आणि आतली भरसुद्धा त्यांनी गोट्यांची केली नाही. आत लांब धोंडे आडवे-उभे अडकवले, एक काढायचा तर शेजारचे दोन सोडवावे लागतील असे. "ही मोडनार नाय," ते म्हणाले. असं बोलायची त्यांची सवय नव्हती.

भिंती छपराच्या उंचीला आल्या तेव्हा साहेब आला. अंगात ताकद नव्हती, कोट खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. घराभोवती फिरला. कोपऱ्यावर हात ठेवून "गुड, गुड" म्हणाला. मग आत गेला आणि दीपमाळेच्या भिंतीसमोर उभा राहिला. बाहेर आला, मागून बघितलं, परत आत गेला.

"मिस्त्री, आग किधर?"

"आग, साहेब?"

साहेबाने हाताने दाखवलं. इथे, भिंतीच्या आत, खाली लाकडं पेटवायची. धूर या बाहेरच्या दगडी नळीतून वर. नळी. आतून पोकळ. एवढ्या गरमीच्या मुलुखात याला घरात शेकोटी कशाला हवी, हे मला तेव्हाही कळलं नाही. दीर म्हणाले, "साहेब, ती दीपमाळ हाय." साहेबाला शब्द कळला नाही. दीपमाळ म्हणजे काय ते हातवारे करून सांगावं लागलं. कळलं तेव्हा तो हसला. रागावला नाही. पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि गडीही हसायला लागले. मालकही थोडे हसले. मला वाटलं, निभावलं.

रानातल्या त्या दोन खांबांबद्दल दिराने विचारलं. साहेब म्हणाला, ते घर लाकडाचं होतं. जळालं. चूल आणि धुराडी तेवढी राहिली.

मग त्याने कोटाच्या खिशातून आणखी एक फोटो काढला. हा आमच्याकडे दिलेला नव्हता, तो त्याने स्वतःजवळ ठेवला असावा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला आत्याच्या हातचं काहीतरी शाईने लिहिलेलं होतं. साहेबाने तो मालकांना दिला आणि म्हणाला, "देखो. अंदर से." मी चुना मळायच्या घाण्याकडे होते. दहा-बारा हात लांब. मी निघाले, पण उशीर झाला.

मालकांनी पुठ्ठा हातात घेतला, नेहमीसारखा डोळ्यांसमोर धरला, मान हलवली. म्हणाले, "हां साहेब. दिसला."

शाईने लिहिलेली बाजू त्यांनी स्वतःकडे धरली होती. फोटोची बाजू आमच्याकडे होती. मला त्यात मोठी दगडी चूल दिसली, तिच्यात टांगलेलं भांडं, शेजारी टोपलीत लाकडं. सगळ्यांना दिसली. मालक कोऱ्या तोंडाने उभे होते आणि मान हलवत होते.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबाने हळूच पुठ्ठा त्यांच्या हातातून घेतला, त्यांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला, एकदा, दोनदा. तेव्हा मालकांना कळलं.

"कितने दिन हुए?" साहेबाने हिंदुस्थानीत हे मला विचारलं, त्यांना नाही. त्या क्षणापासून लोक मालकांबद्दलचं मलाच विचारायला लागले. मी म्हटलं, बरेच.

दीर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, आमाला काय कळत नव्हतं व्हय? वळंबा मी धरीत हुतो ना."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गड्यांना. त्यांनी आपसात ठेवलं होतं, कारण काम बरोबर होत होतं. आता साहेबाला कळलं आणि आता बरोबर होऊन उपयोग नव्हता.

साहेब वाईट नव्हता, हे लिहिलं पाहिजे. वाईट असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने सांगितलं, हे भरीव फोडून उतरवायचं आणि धुराडं आतून पोकळ असं पुन्हा बांधायचं. मालक म्हणाले, मी फोडतो. साहेब म्हणाला, नाही, परांचीवरून पडशील. मालक म्हणाले, ती दीपमाळ मीच बांधली, परांची तवाबी हुतीच. साहेबाला शब्द कळले नसतील, पण त्याने मान हलवली, नाही. आणि दिराकडे वळून म्हणाला, "तुम मिस्त्री."

दीर ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागले. नाही कसं म्हणणार? त्यांनाही पोरंबाळं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडायला सुरुवात झाली. फोडायच्या आधी साहेबाने त्या दीपमाळेचा फोटो काढला. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला, डोक्यावर काळं फडकं घेतलं, आणि आम्हाला सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. माणसं नकोत, फक्त दगड. आत्याला पाठवायचा असेल. मग फडकं काढून तो म्हणाला, करा सुरू.

फुटेना. चुना अजून पुरता धरलेला नव्हता, पण धोंडे एकमेकांत अडकवलेले. पहार घालायला फट मिळेना. वरचा थर निघाला, त्याखालचा हालेना. घण घातला तर घराची भिंत थरथरायला लागली. साहेब ओरडला, दीवार, दीवार! अर्धा दिवस गेला आणि माणसं घामाने थबथबली.

मालक ऐनाखाली बसले होते. मी म्हटलं होतं, घरी चला. ते आले नाहीत. प्रत्येक घावाला त्यांची मान थोडी हलायची. शेवटी दीर परांचीवरून उतरून त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. तोंड पाडून.

"दादा. कुटनं धरू?"

मला वाटलं, मालक सांगणार नाहीत. सांगितलं नसतं तर मी त्यांना दोष दिला नसता.

"वरनं तिसरा थर," ते म्हणाले. "नाल्याकडं तोंड केलेला लांब धोंडा हाय. त्यो सोडव आदी. त्यो निगाला की उजवीकडचं दोन आपसूक येतील."

दीर वर गेले. थोड्या वेळाने धोंडा सुटल्याचा आवाज आला आणि मागून दोन.

"आता?" वरून दिराची हाक आली.

"आता भितीकडचा. हलकं मार. त्यो भितीत गेलाय हातभर."

असं संध्याकाळपर्यंत चाललं. मालक खाली बसून सांगत होते आणि वर फुटत होतं. एकही धोंडा त्यांनी चुकीचा सांगितला नाही. कुठला कुठे लावला, कुणाच्या पोटात कुणाची शेपटी आहे, सगळं पाठ. तेवढं पाठ होतं म्हणून ती तासाभरात चार थर उतरायला लागली. साहेब मध्येच येऊन त्यांच्या खांद्यावर थोपटून गेला. ते थोपटणं मला आवडलं नाही. मी काही करू शकत होते असं नाही. मी पडलेले धोंडे बाजूला ओढत होते. त्याची मजुरी माझी ठरलेली होती.

पायाशी आले तेव्हा मालकांनी विचारलं, "नारळ?"

"तितंच हाय, दादा. हलीवला नाय," दीर म्हणाले.

नारळ मघाशीच दगड-चुन्याच्या राबिटाबरोबर फेकला गेला होता. मी पाहिला होता, सडलेला, फुटलेला. आता बोलून कुणाचं काय होणार होतं.

दुसऱ्या महिन्यात साहेबाने आम्हाला मुंबईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आपली ओळख लावून. गोऱ्या डॉक्टरने मालकांना अंधारात बसवलं, डोळ्यांत उजेड टाकला, कंपाउंडरशी इंग्रजीत बोलला. कंपाउंडर आपल्याकडचा होता. तो म्हणाला, "बाई, आतली नस वाळली आहे. याला औषध नाही."

"आदी आलो असतो तर?"

त्याने डॉक्टरला विचारलं. "तरी नाही."

मग आधी न आल्याचं दुःख करत बसण्यात अर्थ नव्हता, मी ते केलं नाही. मालक बाहेर बाकड्यावर बसले होते. दवाखान्याच्या भिंतीला घडीव दगड होता, ते पाठ न टेकता हात मागे नेऊन तो चाचपत होते. मी म्हटलं, चला. ते उठले. डॉक्टर काय म्हणाला ते त्यांनी विचारलं नाही. मी नेरळच्या आसपास गाडीतच सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं."

साहेबाच्या घराचं धुराडं दिराने पोकळ बांधून पुरं केलं. लोक ते बघायला यायचे. साहेब दोन थंड्या तिथे राहिला, मग मायदेशी निघून गेला. आम्ही त्या बाजूला पुन्हा गेलो नाही. काम नव्हतं तर जायचं कशाला.

मी लोकांच्या शेतावर जायला लागले. पोशीरकडे भाताची लावणी, मग तण काढायची बेणणी, मग कापणी. मालक ओटीवर बसून असायचे. लोकांनी सुचवलं की जात्यांना टाकी लावायचं काम करा, त्याला डोळे लागत नाहीत. मालक म्हणाले, मी मिस्त्री आहे. सहा महिन्यांनी त्यांनी एक जातं घेतलं. टाकी चालवली, पण आपल्याच बोटावर दोनदा मारून घेतली. धोंडा घडवताना हात कधी चुकला नव्हता, जात्यावर चुकला. ती बाई जातं घेऊन गेली, पुन्हा आली नाही. मी विचारायला गेले नाही.

दीर सुरुवातीला चार-आठ दिवसांनी यायचे. ओटीवर बसायचे, विचारायचे, "दादा, कमानीला मधला धोंडा केवडा घेऊ?" "दादा, इहिरीचं कडं पावसाआदी बांधू का मागनं?" मालक सांगायचे. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त खायचे. पुढे महिन्याने यायला लागले. विचारायचं कमी झालं. येऊन बसायचे, पानतंबाखू खायचे, बरं हाय ना म्हणायचे. त्यांना आता स्वतःलाच सगळं येत होतं. त्यात त्यांचा दोष नव्हता. शिकवलं होतं मालकांनीच.

एका सकाळी मी शेतावर जायला निघत होते. रस्त्याने माणसं चालली होती, सात-आठ, खांद्यावर हत्यारांच्या पिशव्या. मालकांनी मान वर केली. पिशवीतली टाकी हातोड्यावर आपटते तो आवाज त्यांना लगेच कळला.

"कोन रं?" त्यांनी हाक मारली.

"मी हाय, दादा," दीर रस्त्यावरूनच म्हणाले. "घाईत हाय जरा. सांजच्याला येतो."

थांबले नाहीत. पिशव्या वाजत पुढे गेल्या.

मालक मला विचारायला वळले. मी उभी होते त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत म्हणाले, "मोटं काम दिसतंय. कुटं चालल्यात?"

"मला काय म्हायती."

"मंग इचार की."

मी रस्त्यावर आले. तोवर ते वळणापलीकडे गेले होते. मी परत जाऊन ओटीवर भाकरीचं फडकं ठेवलं, पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताला लावून दिला, आणि कामावर गेले.